काली टाकलं की हॅकर झालात?

पेठेतला_पेंग्विन
काल इथे एकाने लिहिलं : 'काली लिनक्स टाका, सहा महिन्यांचा कोर्स करा, कोडिंग लागत नाही, पॅकेज पक्कं.' खाली पोरांची 'लिंक द्या' म्हणून रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. काली म्हणजे चाचणीची हत्यारं आधीच भरून दिलेलं लिनक्स, बाकी काही नाही. एनमॅप या स्कॅनरने पोर्ट, म्हणजे यंत्रात नेटवर्कवरून शिरायचं दार, 'फिल्टर्ड' (वाटेत अडवलेलं) दाखवलं तर का, हे टीसीपीने (दोन यंत्रांनी नेटवर्कवर बोलायचे नियम) जोडणी उघडताना जाणारे सिन, सिन-ॲक, ॲक हे तीन संदेश कळल्याशिवाय सांगता येणार नाही. एसक्यूएल इंजेक्शन समजायचं तर आधी स्वतः एक लॉगिन पान लिहा. वापरकर्त्याचा मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जसाच्या तसा चिकटवला की काय होतं ते डोळ्यांनी दिसेल.

कर्वेरोड_कर्नल
साफ अमान्य. मी आधी वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं हत्यार, उघडलं, पडद्यावर पॅकेट (माहितीचे तुकडे) धावताना पाहिली, मग पुस्तक हातात घेतलं. तुमच्या क्रमाने गेलो असतो तर दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं असतं.

रूट_मावशी
कुतूहल ठीक, पण कुणाच्या यंत्रावर? माझा भाचा कॉलेजच्या साइटवर 'सराव' करत होता. मालकाच्या परवानगीशिवाय शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ लागतं. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर ६६ : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरी व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) डीव्हीडब्ल्यूए हे सरावाचं वेब ॲप टाका, ते मुद्दाम कच्चंच बनवलंय.

पेठेतला_पेंग्विन
मावशींशी सहमत. आणि पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर दरोडा आठवा, ऑगस्ट २०१८. सुमारे ९४ कोटी गेले. त्यात एटीएम स्विचवरची, म्हणजे एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी, यंत्रणा भेदली होती, बनावट कार्डांनी २८ देशांत रोकड निघाली. गणेशखिंड रोडवरच्या बँकेत जे घडलं ते कुणी बटण दाबून झालं नाही. पण क्लासवाले बटण दाबायलाच शिकवतात. लुटारू आहेत.

लातूरचा_लॉगिन
क्लासवर सगळ्यांनीच तोंडसुख घेता. मी मराठी माध्यमातला. पुण्यात आलो तेव्हा मॅन पेज (लिनक्समधली कमांडची माहितीपानं) वाचायला डिक्शनरी लागायची. क्लासमधल्या सरांनी सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान भागांत वाटणं) मराठीत शिकवलं, म्हणून आज नोकरी आहे. तुम्हाला घरात कॉम्प्युटर आणि इंग्रजी आयतं मिळालं.

पेठेतला_पेंग्विन
आयतं? वडील रिक्षा चालवायचे, साहेब. माझ्या चुलतभावाने कर्ज काढून फी भरली, हाती प्रमाणपत्र आलं आणि मुलाखतीत डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी यंत्रणा) म्हणजे काय ते सांगता आलं नाही. ते कर्ज काकू अजून फेडतायत.

लातूरचा_लॉगिन
तो क्लास वाईट होता. सगळ्यांना एकाच मापाने का मोजता? आणि आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? सी-डॅकला, म्हणजे सरकारी संगणक संस्थेच्या कोर्सला, आधी प्रवेश परीक्षा, तीही इंग्रजीत.

कर्वेरोड_कर्नल
मूळ विषय राहिला बाजूला.

रूट_मावशी
राहू द्या. हाच प्रश्न मोठा आहे. टीसीपीवर नीट मराठीत लिहिलेलं किती आहे? आपण इथे रोज भांडतो, त्या वेळात कुणी चार पानं लिहिली असती.

पेठेतला_पेंग्विन
बरं. भाषेचा मुद्दा मान्य, आणि कर्नलचं 'आधी हत्यार, मग पुस्तक' काहींना चालत असेल, तेही मान्य. 'कोडिंग लागत नाही' हे मात्र मी मरेपर्यंत खोटंच म्हणेन. ओव्हरदवायर या साइटचा बँडिट हा सरावाचा खेळ मोफत आहे. एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षित लॉगिन करायची सोय) आत शिरायचं, रीडमी फाइलमधून पुढचा पासवर्ड काढायचा. पहिल्या दहा पायऱ्या मी रविवारपर्यंत मराठीत लिहून टाकतो, पासवर्ड न देता. लातूरकर, सबनेटिंग तुम्ही लिहा. सरांनी शिकवलं तसंच.

लातूरचा_लॉगिन
लिहितो. पण 'लुटारू' शब्द आधी मागे घ्या.