मदत हवी आहे : जेट बोट धक्क्याला सरळ लावायची कशी?

नमस्कार मंडळी. येलदरी धरणाच्या पाण्यात चालवायला जुनी जेट बोट घेतली आहे. परवानगीचं सगळं रीतसर झालंय, प्रश्न फक्त चालवण्याचा.

आधी भावाची आउटबोर्डवाली (मागे बाहेर इंजिन-पंखा लावलेली) बोट चालवायचो, ती सवयच आता नडतेय. हिला सुकाणू नाही, पंखा बाहेर नाही. नोझलमधून पाण्याचा झोत सुटतो तोवरच ती वळते. म्हणजे धक्का जवळ आला, घाबरून थ्रॉटल सोडलं, की स्टिअरिंग नुसतं हातात गरगर फिरतं अन् बोट सरळ भिंतीकडे! शिवाय रिव्हर्सला स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर हिची मागची बाजू उजवीकडे जाते. डोकं चक्रावतं.

जाणकारांनी सांगावं: बकेट (रिव्हर्ससाठी झोत पुढे वळवणारं नोझलवरचं झाकण) अर्धी पाडून थोडं थ्रॉटल चालूच ठेवायचं का? सुटलेल्या वाऱ्यात नाक कुठल्या अंगाला धरायचं? पूर्णा नदीचं पाणी उतरलं की काठाला गाळ-खडी उघडी पडते. इंपेलरने (पाणी खेचणाऱ्या आतल्या पंख्याने) ती ओढू नये म्हणून इंजिन किती खोलीवर बंद करता? जलपर्णी पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकल्यावर बोट पाण्यातच साफ होते की बाहेर काढावीच लागते?

व्हिडिओ भरपूर पाहिलेत, पण ते सगळे शांत पाण्यातले. आपल्याकडचा अनुभव सांगा राव.