मदत हवी आहे: नक्षी शाबूत, पण टायर जुने. २०१० च्या स्विफ्टला कोणते टायर घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१० ची. फेरनोंदणी करून घेतली आहे, त्यामुळे अजून चार-पाच वर्षं तरी काढायची नाही. आम्ही चिपळूणला राहतो. एरवी गाडी आठवडा आठवडा दारात उभी असते, पण गेल्या वर्षापासून महिन्यातून दोनदा आईला कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. म्हणजे कुंभार्ली घाट आला, आणि पावसाळ्यातही तो चुकत नाही.

जुलैमध्ये परत येताना हेळवाकवरून घाट उतरत होतो. पाऊस बारीकच होता, वेग तीसच्या आत. पुढच्या टेम्पोने वळणावर ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरळ घसरत गेली. स्टिअरिंग वळवलेलं, तरी गाडी वळेना. टेम्पोच्या फाळक्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. मागे आई बसली होती. ती काही बोलली नाही, पण पोफळीपर्यंत तिने पुढच्या सीटची पाठ सोडली नाही. गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून चारही चाकांचे ब्रेक उघडून पाहिले, त्यात काही दोष नाही. तो म्हणाला, टायर बघा.

टायर बघितले तर नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक आहे. खाचांच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या असतात (१.६ मिमीच्या), तिथपर्यंत पोचायला अजून बराच अवकाश. पण बाजूच्या भिंतीवर कोड आहे २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. अंगठ्याने रबर दाबून वाकवलं की बारीक भेगा उघडतात, उन्हात वाळलेल्या खाजणासारख्या. ज्या बाजूला दुपारचं ऊन लागतं, त्या बाजूच्या दोन टायरवर जास्त.

आता घरात मतभेद आहेत. माझे आबा एसटीत ड्रायव्हर होते, सत्तावीस वर्षं याच घाटात गाडी चालवली. ते म्हणतात, "नक्षी आहे तोवर टायर आहे. सतरा हजार पाण्यात घालू नकोस." त्यांचा शब्द मी एरवी मोडत नाही, आणि गाडीच्या बाबतीत तर नाहीच. त्यांचं दुसरं म्हणणं असं, की स्टेपनी अजून कोरी आहे, ती पुढे लावून बघ. स्टेपनी खरंच कोरी आहे. कारखान्यातून येताना टायरवर रबराचे ते केसासारखे तंतू असतात ना, तेसुद्धा अजून तसेच आहेत. पण ती गाडीबरोबर आलेली, २०१० ची.

मूळ साइज १६५/८० आर १४. एका दुकानात चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून १७,००० सांगितले. दुसरा म्हणतो, १७५/७० आर १४ तयार आहेत, "तेच बसतील, काही फरक पडत नाही", आणि दोन हजार कमी. ते दोन वर्षांपूर्वी बनलेले आहेत. तिसरा १८५/७० आर १४ घ्या म्हणतो, रुंद टायर रस्ता जास्त धरतो म्हणून. दोनच बदलायचे झाले तर पुढे लावा, असं मात्र तिघेही म्हणाले.

कोणी अशाच जुन्या गाडीला अलीकडे टायर घातले असतील तर कृपया सांगा. मायलेजची मला फिकीर नाही. ओल्या घाटात गाडी थांबली पाहिजे, एवढंच हवं आहे.

प्रतिसाद १ (कोयनाकाठ)

आधी स्टेपनीचं. ती कृपया पुढे लावू नका. न वापरता पडलेलं रबरही कडक होतं, आणि पुढच्या एका बाजूला २०१० चा टायर, दुसऱ्या बाजूला २०१६ चा, म्हणजे ओल्यात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढणार. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत.

साइजचं गणित घरी करता येतं. १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, ही टायरच्या भिंतीची उंची. ती दोन वेळा धरून त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवा: साधारण ६२० मिमी व्यास. याच हिशेबाने १८५/७० चा येतो ६१५, म्हणजे एक टक्काही फरक नाही. १७५/७० चा येतो ६०१. तीन टक्के कमी. गाडी साडेनऊ मिलिमीटर खाली बसेल आणि स्पीडोमीटर आहे त्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. "काही फरक पडत नाही" हे बरोबर नाही.

१८५/७० त्या काळच्या झेडएक्सआयला (स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला) कंपनीच देत असे, तेव्हा बसतो. पण स्टिअरिंग थोडं जड होईल, आणि साचलेल्या पाण्यातून अरुंद टायर पाणी कापत जातो तसा रुंद जात नाही. तुमच्या वापराला मी मूळ साइजच घेईन. लोड इंडेक्स ८५ पेक्षा कमी घेऊ नका. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो.

प्रतिसाद २ (जांभा)

दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा. दुकानदार पुढे सांगतात कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात तिला सावरायला जागा नसते. अर्थात तुमचे चारही एकाच वयाचे आहेत. चारही बदला.

आणि तुमच्या आबांबद्दल एक. माझे काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. एसटीची गाडी रोज शेकडो किलोमीटर धावते, टायर म्हातारा व्हायच्या आतच झिजून रिमोल्डला (वर नवी नक्षी चढवायला) जातो. तिथे नक्षी बघून टायर ओळखणं शंभर टक्के बरोबर होतं. तुमची गाडी उभी असते, म्हणून तिचा टायर झिजायच्या आधी म्हातारा झाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जांभा, तुमचं शेवटचं वाक्य मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग बाहेर जाऊन चष्मा लावून चारही टायरवर हात फिरवून आले. आत येऊन म्हणाले, "आमच्या वेळी वर्ष बघायची पाळीच आली नाही."

ठरलं ते असं: मूळ साइजचे चार, ८५ टी (८५ हा लोड इंडेक्स, टी हे वेगमर्यादेचं अक्षर), भारतीय कंपनीचे. सीएट, अपोलो, एमआरएफ यांपैकी ज्याचा ताजा माल मिळेल तो. कोड सहा महिन्यांच्या आतला नसेल तर परत यायचं. व्हॉल्व्ह चारही नवे. सध्याच्यातला सगळ्यात कमी भेगांचा टायर स्टेपनीला, तोही फक्त पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाण्यापुरता; दिवाळीनंतर पाचवा नवा घेईन.

एकच शंका उरली आहे. आईची पुढची तारीख गुरुवारी आहे आणि टायर मंगळवारी बसतील. नव्या टायरला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावं लागतं असं ऐकलं आहे, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. मग बुधवारी आबांना घेऊन गुहागरला जाऊन यावं का, की घाटात सावकाश गेलं तर चालेल? आबा तर आत्तापासून तयार आहेत.