बाजार पडला की शॉर्टवाल्यांवर बंदी: २००८ मध्ये नेमकं काय झालं?

कोथरूडकर
रविवारी डेक्कनला आमच्या गुंतवणूक अभ्यासगटात 'पडत्या बाजारात शॉर्ट सेलिंग बंद करावं का' यावर चर्चा आहे. बाजार कोसळला की कुणीतरी पुढारी मंदीवाल्यांच्या नावाने खडे फोडतोच. मतं नकोत, तपशील हवेत. २००८ ला अमेरिकेने काय बंद केलं, त्याने घसरण थांबली का, आणि आपल्याकडे बंद करण्यासारखं आहे तरी काय?

मुळामुठा
आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. शेअर उसना घेऊन विकला आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत केला, तर ते साधं शॉर्ट. उसना न घेताच विकला तर नेकेड; सेटलमेंटला, म्हणजे सौदा पुरा करायच्या दिवशी, द्यायला माल नसतो. भाषणांत दोन्हींची खिचडी होते.

लेहमन ही अमेरिकन गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. १७ ला एसईसीने (तिकडचा बाजार नियामक) डिलिव्हरीचा नियम आवळला: शेअर वेळेत आले नाहीत तर तो ब्रोकर आणि त्याची गिऱ्हाइकं यांना आधी शेअर उसना घेतल्याशिवाय त्या कंपनीत पुढचं शॉर्ट बंद. खरं औषध हे होतं, पण याची बातमी कोण करणार? १८ ला प्रचारसभेत अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी एसईसीचे अध्यक्ष क्रिस्टोफर कॉक्स यांना हाकलण्याची भाषा केली. १९ ला जवळपास ८०० वित्तीय कंपन्यांत शॉर्टवर सरसकट बंदी आली. यादीत भर घालायचं काम एक्स्चेंजांकडे दिल्यावर जनरल मोटर्सही आत शिरली. ती कुठली बँक?

पहिल्या दिवशी शेअर उसळले खरे, पण त्याच सुमारास सरकारी बचाव योजनेचीही घोषणा झाली होती. त्यामुळे श्रेय बंदीला देताना जपून. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने त्या योजनेचं विधेयक फेटाळलं आणि डाऊ हा अमेरिकी निर्देशांक ७७७ अंकांनी आपटला. बंदी चालू होती, तरी बँकांचे शेअरही आपटले. बहुतेक विक्री हातातल्या मालाचीच होती. ८ ऑक्टोबरला बंदी संपली.

दरम्यान त्या शेअरमध्ये बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांमधलं अंतर फाकलं. पुट म्हणजे ठरल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क; तो विकणारा स्वतःची जोखीम झाकायला शेअर शॉर्ट करतो. तो रस्ता अडला की पुट महाग होतात, म्हणून मार्केट मेकरना (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्यांना) सूट द्यावी लागली. वर्षअखेरीस कॉक्स यांनीच सांगितलं की आज कळतंय ते तेव्हा कळलं असतं तर ही बंदी घातली नसती.

वायदेवाला
बाकी मान्य, पण बँकेची गोष्ट वेगळी आहे. सिमेंट कंपनीचा भाव निम्मा झाला म्हणून तिची भट्टी विझत नाही. बँकेचा भाव पडला की ठेवीदार घाबरतात, रात्रीपुरतं उसनं देणारे हात आखडतात, आणि अफवा स्वतःच स्वतःला खरी करून घेते. म्हणून थोड्या दिवसांची, फक्त बँकांपुरती बंदी मी सरळ मोडीत काढणार नाही. जनरल मोटर्सला ती लावणं मात्र शुद्ध राजकारण.

सदाशिवपेठी
आपल्याकडचं मार्च २००१ चर्चेत घ्याच. अर्थसंकल्पानंतर बाजार कोसळला, 'बेअर कार्टेल'च्या (मंदीवाल्यांच्या टोळीच्या) नावाने ओरड झाली, आपला बाजार नियामक सेबीने शॉर्ट विक्री बंद केली. काही दिवसांत अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेवर रांगा लागल्या आणि भोक तेजीवाल्यांच्या बाजूला निघालं: तेजीवाले दलाल केतन पारेख यांना दिलेलं कर्ज आणि पे ऑर्डर (बँकेने पैसे द्यायचं लेखी वचन). ओरड एकीकडे, खड्डा दुसरीकडे.

मार्च २०२० मध्ये सेबीने सरसकट बंदी टाळली. जास्त हेलकावणाऱ्या एफ अँड ओ शेअरमध्ये (ज्यांचे फ्युचर्स आणि ऑप्शन चालतात) पोझिशनची, म्हणजे उघड्या सौद्यांची, मर्यादा निम्मी केली, इंडेक्सच्या एफ अँड ओमधल्या शॉर्टवर अटी घातल्या. नियम लागू झाले २३ मार्चला आणि त्याच दिवशी सेन्सेक्स १३ टक्के पडला! नियमांमुळे नव्हे, पण त्यांनी घसरण थांबलीही नाही.

कोथरूडकर
आभार. पण आपल्याकडे किरकोळ माणूस रात्रभर शॉर्ट ठेवू शकतो का?

मुळामुठा
कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअरच्या बाजारात, नाही. सकाळी विकलं ते त्याच दिवशी परत घेऊन कापायचं. ब्रोकरची सिस्टिम सव्वातीनच्या सुमारास स्वतःच कापायला घेते. शेअर अप्पर सर्किटला (दिवसाच्या कमाल भावाला) अडकला की विकणाराच नसतो, मग कापणार कशी? तुमची डिलिव्हरी कमी पडते आणि सौदा ऑक्शनला जातो, तिथे एक्स्चेंज तुमच्या खर्चाने माल शोधतं. ऑक्शनमध्येही माल मिळाला नाही तर क्लोज-आउट, म्हणजे पैशांत निपटारा: सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनपर्यंतचा सर्वात वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवसाच्या बंद भावावर २० टक्के, यांतलं जे जास्त ते तुमच्या खात्यातून जातं. एफ अँड ओ नसलेल्या शेअरमध्ये शॉर्टवाले बुडतात ते इथे.

रात्रभर ठेवायचं तर एसएलबी या शेअर उसने देण्या-घेण्याच्या सोयीतून शेअर उसना घ्या (२००८ पासून सोय आहे, पण उलाढाल तोळामासा), नाहीतर फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाचे पुढच्या तारखेचे वायदे) विका. स्टॉक फ्युचर्स विकून एक्स्पायरीपर्यंत (वायदा संपायच्या दिवसापर्यंत) ठेवलेत तर शेअर प्रत्यक्ष द्यावे लागतात, हे विसरू नका.

वायदेवाला
म्हणजे आपल्याकडे बंदी घालायची तर ती फ्युचर्सवरच पडणार. आणि हातात शेअर ठेवून विम्यासारखे फ्युचर्स विकणारे फंड मग काय करतील? हातातले शेअरच विकतील.