मदत हवी आहे : रात्रीचे फोन आणि 'तू तर त्यांच्यातलाच'

दारू सोडून सहा वर्षं झाली. गेली दोन वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रात कामाला आहे. हुद्दा काय, ते नियुक्तिपत्रातही धड लिहिलेलं नाही. कधी 'सहकारी', कधी 'वॉर्डबॉय'. पेशंटशी मी बोलायचं, कारण मी तिथून गेलोय, एवढंच ठरलेलं.

अडचण अशी. डिस्चार्ज झालेला एक पोरगा रात्री दीडला फोन करतो. "दादा, बाटली समोर आहे, उघडली नाही अजून." पाऊण तास बोललो. सकाळी आठची ड्युटी. दुसऱ्या दिवशी तो प्यायलाच, आणि केंद्राच्या मीटिंगमध्ये मला विचारलं, आधी कळवलं का नाहीस? कळवलं असतं तर तो पुन्हा माझ्याशी बोलला असता का?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि माहिती गुप्त ठेवायचं बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. मग मी नेमका कोण? फाइल बघायची वेळ आली की बाहेरचा, कुणी घसरलं की जबाबदार.

खरं सांगतो, त्या फोननंतर मलाच तोंडात ती जुनी चव आली. घरी बायकोलाही बोललो नाही. माझ्या स्पॉन्सरला (माझ्याआधी दारू सोडलेला, मला सावरणारा सोबती) सांगितलं, बरं वाटलं, पण तो कामाचं काय सांगणार?

असं काम करणारं कुणी आहे का इथं? रात्रीच्या फोनची वेळ कशी बांधून घेतलीत? आणि आमच्यासारख्यांची सुपरव्हिजन, म्हणजे कामातल्या अडचणींवर आमच्याशी बोलून वाट दाखवणं, कोण करतं तुमच्याकडे?