मदत हवी आहे : सनस्क्रीनवर फाउंडेशन लावताच गोळ्या सुटतात

औषधांच्या दुकानातून घेतलेले जेल सनस्क्रीन आणि एका लहान ब्रँडचे नवे फाउंडेशन मी सध्या एकत्र वापरून पाहत आहे. दोन्ही वेगवेगळी लावली असता छान बसतात. परंतु सनस्क्रीनवर फाउंडेशन पसरवू लागताच गालांवर आणि नाकपुड्यांच्या कडेला खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक गोळ्या सुटतात. माझी त्वचा तेलकट असून मी मुंबईत राहते, त्यामुळे दमट हवेचाही विचार करावा लागतो.

दोन्हींच्या घटकयादीत डायमेथिकोन (सिलिकोनचा एक प्रकार) वरच्या क्रमांकावर आहे, म्हणजे एक पाण्यावर व दुसरे सिलिकोनवर आधारित असल्याने ती जुळत नाहीत, हे नेहमीचे कारण येथे लागू पडेलसे वाटत नाही. सनस्क्रीन वाळण्यासाठी १५ मिनिटे थांबून, तसेच मॉइश्चरायझर व नायसिनामाइड सीरम वगळूनही फरक पडला नाही. ओलसर स्पंजने थोपटल्यास गोळ्या कमी होतात, एवढेच. सनस्क्रीन निम्मे घेतले की त्रास पूर्ण थांबतो. मात्र दोन बोटांच्या लांबीवर काढलेल्या पट्ट्यांइतके पूर्ण प्रमाण न लावता त्याहून कमी लावल्यास वेष्टनावर लिहिलेले एसपीएफ ५० चे संरक्षण मिळत नाही, म्हणून तो उपाय मला मान्य नाही. झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन माझ्या सावळ्या वर्णावर राखाडी दिसतात, तेव्हा तीही नकोत.

फाउंडेशनची छटा अगदी अचूक जुळली असल्याने ते बदलायचे नाही. सनस्क्रीनसाठी ६०० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. जेलऐवजी पातळ लोशन, किंवा कार्बोमरसारखा घट्टपणा आणणारा घटक नसलेले सनस्क्रीन पूर्ण प्रमाणात लावून त्यावर सिलिकोनयुक्त फाउंडेशन गोळ्यांविना बसल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि असल्यास ते सनस्क्रीन कोणते?