वस्तऱ्याच्या 'स्केल्स'ना मराठीत काय म्हणाल?

एका जुन्या वस्तऱ्याची मूठ बदलतोय आणि करता करता सगळं मराठीत लिहून ठेवतोय, तर पहिल्याच ओळीला गाडी अडली. पात्याच्या दोन बाजूंना ज्या दोन पातळ पट्ट्या असतात त्यांना इंग्रजीत स्केल्स म्हणतात. भाषांतराच्या मशीनला विचारलं तर म्हणे 'खवले', परत विचारलं तर 'तराजू'. वस्तरा आहे की पापलेट? मूठ म्हणावं तर ती एक असते, इथे दोन तुकडे, आणि दांडा कुऱ्हाडीला शोभतो. शिवाय पट्ट्या पिनेने जोडायच्या कामाला, म्हणजे 'पिनिंग'ला, काय म्हणायचं? 'खिळे ठोकणे' मनाला पटत नाहीये.

प्रतिसाद:
वापरू नका, पण खवले अगदीच हवेतलं नाही बरं का. जुन्या फ्रेंचमधे एस्काल म्हणजे टरफल, कवच, त्यातूनच माशाचा खवलाही आला आणि चाकूच्या मुठीवरची पट्टीही. त्या हिशोबाने 'टरफलं' बसतं, पण छान घासूनपुसून चमकवलेल्या शिंगाला टरफल म्हणवत नाही. मी सरळ 'मुठीच्या पट्ट्या' म्हणतो.

प्रतिसाद:
पट्ट्या ठीक, मूठ शब्दावर मात्र माझी जरा कुरकुर आहे. तलवारीची मूठ पात्याला कायमची जखडलेली असते, इथे पातं फिरतं आणि मिटलं की धार पट्ट्यांच्या मधे जाऊन बसते, म्हणजे अर्धी मूठ आणि अर्धं म्यान. दुसरा शब्द माझ्याकडेही नाही म्हणा.

प्रतिसाद:
खिळा नकोच. खिळ्याला टोक असतं आणि लाकूड त्याला आवळून धरतं म्हणून तो टिकतो. इथे साधारण १.६ मिमी जाडीची पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची तार (चांदी फक्त नावात, आत तांबं, निकेल आणि जस्त) आरपार घालायची, दोन्हीकडे बारीक वायसर, वर जेमतेम मिलिमीटरभर ठेवून कापायची आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने कडेकडेने टिकटिक करत राहायचं, मग हळूहळू डोकं छत्रीसारखं फुलतं. जोरात हाणलं की तार आतल्या आत वाकते नाहीतर पट्टीला चीर. मी पहिल्या वेळी 'ठोकणे' हा शब्द मनावर घेतला आणि शिंगाची एक पट्टी घालवली. म्हणून 'डोकं फुलवणे' म्हणा, नाहीतर रिबिट मारणे.

आणि दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मधे जो उतरता तुकडा असतो, जुन्या वस्तऱ्यांत बऱ्याचदा शिशाचा, त्याला आपली 'पाचर' आहेच की. एरवी कामात पाचर मारली म्हणजे घोळ, इथे उलट, ती नसेल तर पट्ट्यांना बाक येत नाही आणि मिटलेलं पातं मधे नीट धरून राहत नाही. पातं मिटताना एका बाजूला घासत असेल तर पिन काढायच्या आधी पाचरीकडे बघा, बहुतेक तीच तिरकी असते.

मूळ प्रश्नकर्ता:
पट्ट्या, पाचर, डोकं फुलवणे, तिन्ही घेतले. पण पातं ज्या पिनेवर फिरतं ती किती आवळायची? आणि सैल राहिली तर त्याला शब्द?

प्रतिसाद:
वस्तरा अर्धा उघडून धरा, पातं जिथल्या तिथे थांबलं पाहिजे आणि बोटाने ढकललं की न अडखळता फिरलं पाहिजे. आपोआप लोंबायला लागलं तर तो खिळखिळा. घ्या, खिळ्याला हाकललात तरी तो मागच्या दाराने आलाच.