मदत हवी आहे: माहेरची जुनी अबोली पुण्यात जगवायची आहे (जात ओळखायलाही मदत करा)

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ले तालुक्यात आमच्या माहेरच्या खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला, गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून अबोलीची एक रांग आहे. आजीच्या सासूने लावलेली, असं घरात सांगतात. दिवाळीनंतर तिथे नवीन घराचं काम सुरू होणार, गडगा पडणार आणि त्याबरोबर ही रांगही जाणार. बांधकाम थांबवणं माझ्या हातात नाही, पण ही अबोली वाचवणं आहे. मिरगाच्या सुमाराला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, मी तिकडे जाते आहे. त्याआधी जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे.

जात ओळखता यावी म्हणून आधी झाडाचं वर्णन करते. झुडूप गुडघ्याच्या जरासं वर जातं, त्याहून उंच होत नाही. बुंध्याकडचा भाग पार लाकूड झालेला, वरच्या फांद्या कोवळ्या. पानं गडद हिरवी, चकचकीत, कडेला किंचित नागमोडी. कणीस चौकोनी, बोटभर लांब, आणि फुलं खालून वर उमलत जातात. फुलाचा रंग बाजारात मिळणाऱ्या अबोलीपेक्षा पुष्कळ फिकट, पिकल्या पपईच्या गरासारखा, आणि नळीच्या तोंडाशी पिवळा ठिपका. पाकळ्या सगळ्या एकाच अंगाला पसरलेल्या. नळी लांब आणि चिवट, त्यामुळे आई केळीच्या सोपटात वळेसर (गजरा) गुंफते तेव्हा फूल मध्येच तुटत नाही. वास अर्थातच नाही, म्हणून मध्येमध्ये मरवा घालायचा. सकाळी माळलेला वळेसर रात्रीपर्यंत टवटवीत राहतो. बाजारच्या अबोलीचे गजरे मी बरेच घेऊन पाहिले, पण तो रंग कुठे दिसला नाही.

पुण्यात माझ्याकडे सध्या अबोलीचे तीन प्रकार आहेत. माहेराहून मुळांसकट आणलेली ही फिकट अबोली, रोपवाटिकेतून ‘दिल्ली’ म्हणून घेतलेली गडद केशरी, आणि एक पिवळी. ‘दिल्ली’ला मोठी फुलं येतात, कणसंही भरपूर, पण बी म्हणून धरत नाही. पिवळी मजेत आहे. तांबडी अबोलीही असते असं ऐकलंय, प्रत्यक्ष पाहिलेली नाही. रोपवाटिकेत विचारलं तर सगळ्याला ‘अबोली’ एवढंच उत्तर मिळतं.

अडचण माहेरच्या अबोलीची आहे. पुण्यात आली की पहिला पावसाळा छान जातो, मग थंडीपासून ती पिवळी पडायला लागते. शेणखत, गांडूळखत सगळं वेळेवर घालते. तरी पानं लहान होत जातात, कणसं आखूड येतात. एक रोप तर बघता बघता वाळलं. कुंडीत इथलीच काळी माती आणि खत आहे. पाणी सोसायटीच्या बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं.

तर ही नेमकी कोणती जात? बियांपासून तीच फुलं येतील की फाटेच (फांद्यांचे तुकडे) लावावे लागतील? आणि पुण्यात तिला नक्की काय सोसत नाहीये?

---

गच्चीबाग:

जातीचं कुणी जाणकार सांगेल. मी पिवळेपणाबद्दल विचारते, कारण त्याची कारणं दोन-तीन असतात आणि उपाय वेगवेगळे.

पिवळी पानं शेंड्याकडची आहेत की खालची जुनी? शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो का? कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो का? आणि वाळलेलं रोप उपटून मुळं पाहिलीत का?

---

धागाकर्ती:

शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या स्पष्ट. कुंडीला पांढरा थर आहे, खरवडला तर चुन्यासारखी भुकटी पडते. वाळलेल्या रोपाचं मात्र वेगळं होतं. त्याची पानं आधी जांभळट झाली, मग पिवळी. मुळं मी पाहिली होती, बारीक मुळं जवळजवळ नव्हतीच आणि जाड मुळांवर काळे डाग होते.

---

गच्चीबाग:

म्हणजे दोन वेगळे आजार आहेत.

जाळीदार पिवळेपणा हा लोहाच्या कमतरतेचा. मातीत लोह असतं, पण काळ्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. तुमच्या माहेरची माती जांभ्याची, आम्लधर्मी. तिथे झाडाला लोह आपोआप मिळतं. म्हणून खत वाढवून उपयोग होत नाही. काळी माती निम्म्याहून कमी करा. लाल माती, पानांचं कुजलेलं खत आणि थोडी जाड वाळू मिसळा. शेतीच्या दुकानात हिराकस (फेरस सल्फेट) मिळतो, तो लिटरभर पाण्यात २-३ ग्रॅम, वर लिंबाचे चार थेंब, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत टाकलात तर तुमच्या मातीत तो लगेच अडकून पडेल. दुकानात चिलेटेड लोह (मातीत अडकून न पडणारं लोह) म्हणून मिळतं ते मातीतही चालतं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवा आणि हिवाळ्यात शक्य तितके दिवस तेच द्या.

थंडीचं म्हणाल तर अबोलीला ती मुळात आवडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात तिची वाढ थांबणारच. त्या काळात पाणी कमी करा, भिंतीलगत उन्हात ठेवा, खत घालू नका.

वाळलेलं रोप मात्र मला सूत्रकृमींचं वाटतं. अबोलीचा हा जुना शत्रू आहे. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मुळांत शिरतात, मुळांवर काळे डाग पडतात, आणि त्याच जखमांतून मर रोगाची बुरशी आत जाते. ती कुंडी आणि ती माती दुसऱ्या अबोलीला वापरू नका. मे महिन्याच्या उन्हात माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. नंतर त्यात झेंडू लावा. नवीन कुंडी भरताना मूठभर निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

---

तळकोकण:

आमच्याकडेही अशीच फिकट अबोली आहे, कुडाळकडे. ती बी धरते. तुमची धरते का ते मिरगाआधी बघून घ्या, कारण पहिल्या पावसाला सगळं बी उडून जाईल. सुकलेलं कणीस ओलं झालं की बोंडं तडतड फुटतात आणि बी हातभर लांब जाऊन पडतं. लहानपणी आम्ही पाण्याच्या वाटीत टाकून हा खेळ करायचो.

बी गोळा करायची सोपी रीत सांगते. तपकिरी झालेली, पण न फुटलेली कणसं सकाळी दव सुकल्यावर कात्रीने कापा. कागदी पिशवीत घालून वर दोन-चार थेंब पाणी शिंपडा आणि पिशवीचं तोंड पटकन बंद करा. आतल्या आत फुटतील. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया, चपट्या, खवल्यांच्या. लगेच सुकवा आणि त्याच पावसात पेरा. जुनं बी उगवायला फार कुरकुर करतं.

आणि झाड मुळांसकट आणू नका. रांग जुनी आहे, तिच्या मातीत काय काय असेल कोण जाणे. फाटे आणि बी आणा, माती तिथेच राहू दे.

---

फुलशेती:

जातीबद्दल. तुमची ‘दिल्ली’ बी धरत नाही हे बरोबरच आहे. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी नीट तयार होत नाही. तिची लागवड सगळीकडे फाट्यांवरच होते. पिवळी ती बहुधा ‘ल्युटिया यलो’, आणि तुम्ही ऐकलेली तांबडी ‘सेबॅक्युलिस रेड’. तमिळनाडू-कर्नाटकात अबोलीची मोठी शेती आहे. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’ अशा जाती काढल्या आहेत. तुमची यांपैकी कुठलीच नाही. कोकण-गोव्यात परसात बियांवर चालत आलेले स्थानिक वाण घराघरांत थोडे वेगळे असतात, त्यातलाच हा एक. त्याला दुकानातलं नाव मिळणार नाही आणि तो विकतही मिळणार नाही. म्हणून वाचवाच.

एक सावधगिरी बाळगा. कुणी ‘रानअबोली’ म्हणून हिरवट-निळ्या फुलांचं झुडूप देईल. ते अडुळशाच्या, कोरांटीच्या आणि अबोलीच्याच कुळातलं आहे, पण अबोली नव्हे.

बियांची रोपं बहुतेक आईवर जातील, पण जवळ पिवळी असेल तर भेसळ होऊ शकते. तोच रंग हवा असेल तर फाटा. कणीस नसलेली, खालून जरा कडक झालेली फांदी निवडा, वीतभरापेक्षा लहान. वरची दोन-चार पानं ठेवून बाकी काढा, गाठीच्या खाली कापा. ओल्या कापडात गुंडाळून प्रवासात आणा, उन्हात गाडीत ठेवू नका. घरी आल्यावर वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत लावा. पावसाळी हवेत महिन्याभरात मुळं धरतात. पहिली कणसं आली की खुडून टाका, आधी झाड जमू दे.

---

परदेशस्थ:

फ्लोरिडात आहे. इथल्या रोपवाटिकेत ‘ऑरेंज मार्मालेड’ नावाने अबोली मिळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा डोळे भरून आले. पण रंग तुम्ही म्हणता तसा फिकट नाही, भडक केशरी आहे. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, ही आपली नव्हे. तेव्हा ‘फुलशेती’ यांचं म्हणणं पटतं. जमलं तर तुमच्या झाडाचे फोटो टाका.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळलेल्या रोपाची कुंडी आजच वेगळी काढली, माती प्लास्टिकखाली घालते आहे. उरलेल्या दोन रोपांवर संध्याकाळी हिराकस फवारते, आणि शेंड्याची नवीन पानं कोणत्या रंगाची येतात ते इथे कळवेन. आईला फोन करून सांगितलं की वळेसरासाठी आता सगळी फुलं काढू नको, खालची कणसं सुकू दे. ती म्हणाली, गडग्याच्या उत्तरेकडच्या टोकाची दोन झाडं सगळ्यांत फिकट आहेत, फाटे त्यांचेच घे. हे मला माहीत नव्हतं. तिथे पिवळी अबोली जवळपास कुठेच नाही, त्यामुळे बीही आणते.

आता राहिले दोन प्रश्न. पुण्यात भेसळ नसलेली लाल माती खात्रीने कुठे मिळते? आणि फाट्यांना मुळं धरेपर्यंत ‘दिल्ली’ आणि पिवळी दुसऱ्या गॅलरीत हलवायची गरज आहे का, की फूल येईपर्यंत काही बिघडत नाही?

मी गरजेपेक्षा जास्त फाटे आणणार आहे. एकाच घरात ठेवली तर एका उन्हाळ्यात सगळी जाऊ शकतात. सिंहगड रस्ता, वारजे, कोथरूड भागात ज्यांच्याकडे सकाळचं ऊन आणि थोडी लाल माती आहे, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आणून देईन.